कॅमेऱ्याचं फुटेज एडिटसाठी कन्व्हर्ट करायचंय: सॉफ्टवेअर, सेटिंग्ज आणि नंतरची तपासणी

तुमची अडचण थोडक्यात अशी: कॅमेऱ्यातल्या 4के, 10 बिट एच.265 फायली टाइमलाइनवर अडकत चालतात. मोबाइलच्या फुटेजमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे होतो. दोन-तीन कन्व्हर्टर वापरून पाहिले, तर एकाने रंग फिके केले आणि दुसऱ्याने वॉटरमार्क टाकला. म्हणून भरवशाचं सॉफ्टवेअर कोणतं, हे तुम्हाला हवंय.

आधी नाव सांगतो: शटर एन्कोडर. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि आतून एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं मोफत इंजिन वापरतं. पण नुसतं ते उतरवून घेतल्याने काम होणार नाही. कुठलाही कन्व्हर्टर प्रत्येक फायलीबाबत काही गोष्टी ठरवत असतो: फ्रेम रेट, बिट डेप्थ (रंगाच्या पायऱ्या किती), क्रोमा (रंगाचा तपशील किती), रंगांची रेंज, आवाजाचे ट्रॅक. ‘एका क्लिकमध्ये कन्व्हर्ट’ म्हणणाऱ्या बऱ्याच प्रोग्रामांच्या पोटातही एफएफएमपेगच असतं, पण या गोष्टी ते तुम्हाला न विचारता परस्पर ठरवतात. तुमचे रंग फिके झाले ते बहुधा तिथेच. ज्यात या गोष्टी डोळ्यांसमोर दिसतात आणि हाताने बदलता येतात, तेच सॉफ्टवेअर घ्या.

सुरुवात कन्व्हर्टरपासून नको, मीडियाइन्फोपासून करा. फायलीची तांत्रिक माहिती दाखवणारा हा प्रोग्रामही मोफत आहे. फाइल त्यात टाका आणि पाच ओळी वाचा: फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग, फ्रेम रेट मोड आणि ऑडिओ ट्रॅक किती. पुढचे सगळे निर्णय या पाच ओळींवर होतात.

फुटेज का अडकतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय निवडणं सोपं जाईल. एच.264 आणि एच.265 मध्ये कॅमेरा सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण फ्रेम साठवतो आणि पुढच्या दहा-पंधरा किंवा जास्त फ्रेमांसाठी फक्त झालेला बदल. सलग बघताना याचा त्रास जाणवत नाही. पण तुम्ही टाइमलाइनवर मधल्याच फ्रेमवर गेलात, की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत तिथवर यावं लागतं. उलटं स्क्रब केलं (टाइमलाइनवर मागे सरकत गेलात) तर हाच हिशोब पुन्हापुन्हा. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतींमध्ये) प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल मोठी होते, पण प्रोसेसर मोकळा राहतो.

दुसरं कारण हार्डवेअरचं. 10 बिट 4:2:2 (रंगाचा तपशील 4:2:0 पेक्षा जास्त असलेलं) एच.265 उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये तशी सोय लागते. ॲपलच्या एम मालिकेत ती आहे, इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, एनव्हिडियामध्ये मात्र आरटीएक्स 50 मालिकेपासून आली. म्हणून महागडं जुनं ग्राफिक्स कार्ड असूनही याच फायली अडकतात आणि त्याच संगणकावर 4:2:0 फायली सुरळीत पळतात. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल आणि ते बायोसमध्ये बंद असेल, तर आधी ते चालू करून बघा. कदाचित कन्व्हर्ट करायची गरजच पडणार नाही. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत विंडोजवर 10 बिट 4:2:2 फाइल ‘मीडिया ऑफलाइन’ दिसली किंवा नुसता आवाज आला, तर फाइल खराब आहे असं समजू नका. ती त्या आवृत्तीची मर्यादा आहे, आणि तिथे कन्व्हर्ट करण्याला पर्याय नाही.

आता जागेचा हिशोब, कारण बहुतेक जण इथेच फसतात. 100 मेगाबिट प्रति सेकंदाच्या एक तासाच्या फुटेजला 45 जीबी लागतात. तेच 4के यूएचडी, 25 फ्रेमचं फुटेज प्रोरेस 422 मध्ये नेलं तर सुमारे 221 जीबी, त्याच्या हलक्या एलटी प्रकारात 154 आणि भारी एचक्यू प्रकारात 332. त्याऐवजी 1080 आकाराची प्रोरेस प्रॉक्सी (एडिटपुरती हलकी प्रत) केली तर तासाला 17 जीबीच्या आसपास. एडिटिंग सॉफ्टवेअर मूळ फायली उघडतंय आणि तक्रार फक्त अडकण्याची आहे, तर प्रॉक्सीच करा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी बनवता येते, प्रीमियरमध्येही सोय आहे. शेवटचं रेंडर मूळ फायलींवरूनच होतं, त्यामुळे दर्जाला धक्का लागत नाही. सॉफ्टवेअर फाइल उघडतच नसेल किंवा फ्रेम रेट अस्थिर असेल, तेव्हाच पूर्ण ट्रान्सकोड करा, म्हणजे फायली पूर्ण दर्जात नव्या कोडेकमध्ये न्या.

प्रॉक्सी बाहेरच्या सॉफ्टवेअरने बनवणार असाल तर फाइलचं नाव, फ्रेम रेट, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा क्रमांक) आणि ऑडिओ चॅनेलची संख्या मूळ फायलीसारखीच ठेवा. प्रीमियरमध्ये चॅनेलची संख्या जुळली नाही तर प्रॉक्सी जोडली जात नाही. काही कॅमेरे टाइमकोड वेगळ्या मेटाडेटा ट्रॅकमध्ये लिहितात आणि कन्व्हर्ट करताना तो गळून पडतो. अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज (मल्टिकॅम) टाइमकोडवर जुळवणार असाल तर हे आधी एका क्लिपवर बघून घ्या.

तुमचं फुटेज खरोखरीचं रॉ असेल, म्हणजे ब्लॅकमॅजिक रॉ किंवा रेडच्या आर3डी फायली, तर शटर एन्कोडर आणि एफएफएमपेग बाजूला ठेवा. या फायली रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत थेट उघडतात, तिथूनच प्रॉक्सी किंवा प्रोरेस काढा. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ नंतर बदलता येतात. ट्रान्सकोड केल्यावर ही मुभा संपते. त्यामुळे रॉ कायम मूळ म्हणून जपा. बाकी बहुतेक कॅमेऱ्यांच्या एमपी4, एमओव्ही किंवा एमएक्सएफ फायलींना लोक बोलण्यात रॉ म्हणतात, पण ते कॉम्प्रेस केलेलं व्हिडिओच असतं.

शटर एन्कोडरमध्ये क्रम असा. फायली यादीत ओढून टाका. फंक्शनच्या यादीत एडिटिंग कोडेकच्या गटातून ॲपल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर निवडा. शेजारच्या खान्यात प्रकार निवडा. आउटपुटसाठी वेगळा फोल्डर द्या, शक्यतो वेगळ्या डिस्कवर, कारण एकाच हार्ड डिस्कवर वाचणं आणि लिहिणं एकदम चाललं की वेग खूप पडतो. मग फंक्शन सुरू करा.

प्रकार निवडताना: 8 बिट 4:2:0 फुटेजला प्रोरेस एलटी किंवा साधं 422 भरपूर झालं. 10 बिट लॉगला (नंतर रंग चढवण्यासाठी मुद्दाम फिकं शूट केलेल्या फुटेजला) 422 किंवा एचक्यू. 4444 घेऊन मूळ फायलीत नसलेली माहिती तयार होत नाही, फक्त डिस्क भरते. डीएनएक्सएचआरमध्ये एक सापळा आहे, तो नीट लक्षात ठेवा: एलबी, एसक्यू आणि एचक्यू हे तिन्ही प्रकार 8 बिट आहेत. 10 बिटसाठी एचक्यूएक्स लागतो. एचक्यू या नावाला भुलून 10 बिट लॉग फुटेज त्यात टाकलं, की प्रत्येक चॅनेलच्या 1024 पायऱ्यांच्या 256 होतात, आणि ग्रेड करताना (रंग घडवताना) आकाशात पट्टे उमटतात. ते नंतर कशानेही भरून निघत नाहीत. एचक्यूएक्सला जागाही जवळपास एचक्यूइतकीच लागते, त्यामुळे 10 बिटला एचक्यू वापरण्याचं काहीच कारण उरत नाही. कंटेनर (फायलीचा बाहेरचा प्रकार) एमओव्ही ठेवा, आवाज पीसीएम (न दाबलेला) 24 बिट, 48 किलोहर्ट्झ.

मोबाइलचा आवाज सुटण्याचं मूळ बदलत्या फ्रेम रेटमध्ये आहे. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसेल. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की फोन दोन फ्रेमांमधलं अंतर कमीजास्त करतो. समजा दहा मिनिटांच्या क्लिपचा सरासरी रेट 29.8 आहे. त्यात 17,880 फ्रेम झाल्या. एडिटिंग सॉफ्टवेअरने त्या 30 च्या हिशोबाने मांडल्या तर चित्र 596 सेकंदांत संपतं आणि आवाज 600 सेकंद चालतो. शेवटाला चार सेकंदांचा फरक. सुरुवात मात्र अगदी जुळलेली असते, म्हणून पहिलं मिनिट बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे फसतात. उपाय म्हणजे एडिटला बसण्यापूर्वीच फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये नेणं. 29.8 दिसला तर 30 किंवा 29.97 निवडा. प्रोजेक्ट 25 चा असला तरी कन्व्हर्टरमध्ये 25 करू नका, ते काम एडिटिंग सॉफ्टवेअरवर सोडा; नाहीतर फ्रेम गाळल्याचे धक्के फायलीत कायमचे बसतात. हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर त्याच्या बऱ्याच प्रीसेटमध्ये ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं, म्हणजे रेट बदलताच राहतो. तिथे हाताने ‘कॉन्स्टंट’ करावं लागतं. तसंही हँडब्रेक मुळात बघण्याच्या लहान फायली बनवण्यासाठी आहे. तिथे ते उत्तम आहे, एडिटच्या आधीच्या टप्प्याला नाही.

आवाजाच्या ट्रॅककडे फार जण लक्ष देत नाहीत, आणि नुकसान इथेच सगळ्यात मोठं होतं. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर ते एक व्हिडिओ आणि एकच ऑडिओ स्ट्रीम उचलतं. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या एमएक्सएफमध्ये अनेकदा चार वेगवेगळे मोनो स्ट्रीम असतात. कॅमेऱ्याचा माइक पहिल्यावर आणि कॉलरचा माइक दुसऱ्यावर असेल, तर मुलाखतीचा खरा आवाज गुपचूप गळतो. फायलीत आवाज तर आहे, त्यामुळे चटकन कळतही नाही. शटर एन्कोडरमध्ये ऑडिओच्या सेटिंग्ज उघडून सगळे ट्रॅक निवडलेत ना ते बघा. कमांड लिहून काम करत असाल तर व्हिडिओ आणि सगळे ऑडिओ असं स्पष्ट मॅप करा, म्हणजे कोणते स्ट्रीम घ्यायचे ते सांगा. सरसकट सगळंच मॅप केलं तर ॲक्शन कॅमेऱ्याच्या डेटा स्ट्रीमवर काम अडखळतं.

आता फिक्या रंगांचं. व्हिडिओत काळा ते पांढरा हा पल्ला 8 बिटच्या हिशोबाने 16 ते 235 असा लिहिलेला असतो किंवा 0 ते 255. पहिल्याला लिमिटेड म्हणतात, दुसऱ्याला फुल. लिमिटेड फाइल फुल समजून उघडली की काळा करडा होतो आणि सगळं धुतल्यासारखं दिसतं. उलट झालं तर सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि उजेडाचे भाग जळतात. फरक ओळखायची खात्रीची पद्धत अशी: मूळ क्लिप खाली, कन्व्हर्ट केलेली वर, वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’. चित्र जवळपास पूर्ण काळं दिसलं तर रंगही जुळले आणि फ्रेमही. आकृत्यांच्या कडा दिसल्या तर एखादी फ्रेम सरकली आहे. कडा न दिसता सावल्यांत आणि उजळ भागांत करडेपणा दिसला तर रेंज चुकली आहे. रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समधून डेटा लेव्हल ‘व्हिडिओ’ किंवा ‘फुल’ करून ती सुधारता येते, पुन्हा कन्व्हर्ट करावं लागत नाही. लॉग फुटेजवर कन्व्हर्ट करतानाच लट (LUT, रंग बदलण्याचा तयार तक्ता) चढवू नका. ते एडिटमध्ये करा, तिथे मागे फिरता येतं. मोबाइलवर एचडीआर चालू ठेवून शूट केलेलं फुटेज 8 बिटमध्ये ढकललं तरी रंग बिघडतात. त्याला 10 बिट कोडेक द्या आणि रंगांची माहिती फायलीत टिकली का ते मीडियाइन्फोमध्ये बघा.

जुन्या एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरच्या 50आय (एकाआड एक ओळींत रेकॉर्ड केलेल्या, म्हणजे इंटरलेस्ड) फुटेजचा आकार डीइंटरलेस करण्याआधी, म्हणजे त्या ओळींतून पूर्ण फ्रेम बनवण्याआधी, बदलू नका, नाहीतर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा चित्रात कायमच्या बसतात. या कॅमेऱ्यांचं कार्ड कॉपी करताना नुसत्या एमटीएस फायली नकोत, पूर्ण फोल्डर उचला. लांब रेकॉर्डिंगचे अनेक तुकडे पडलेले असतात आणि ते कसे जोडायचे ही माहिती बाजूच्या फायलींत असते. अडचण नुसती कंटेनरची असेल, म्हणजे एमकेव्ही तुमच्या सॉफ्टवेअरला चालत नसेल, तर ‘रिरॅप’ करा. आतलं व्हिडिओ तसंच राहतं आणि काम काही सेकंदांत होतं. बदलत्या फ्रेम रेटवर मात्र रिरॅपचा काही उपयोग नाही.

दोनशे क्लिप एकदम लावण्याआधी तीन क्लिप करून बघा: सगळ्यात लांब, सगळ्यात अंधारी आणि सगळ्यात जास्त ऑडिओ ट्रॅक असलेली. डिफरन्सची चाचणी घ्या, लांब क्लिपचं शेवटचं मिनिट आवाजासकट ऐका. पूर्ण बॅच झाल्यावर फायलींची संख्या मोजा आणि प्रत्येक फायलीची लांबी मूळ फायलीशी ताडून बघा. स्थिर फ्रेम रेटच्या फायलींत फ्रेमांची संख्याही तंतोतंत जुळली पाहिजे. व्हेरिएबलच्या फायलींत ती थोडी बदलेल, लांबी बदलता कामा नये. मध्येच डिस्क भरली किंवा संगणक झोपला तर शेवटची एमओव्ही अर्धवट राहते. तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे अशी फाइल आकाराने मोठी दिसूनही उघडत नाही. ती पुसून पुन्हा करा. बॅच लावण्याआधी स्लीप बंद करा आणि हिशोबापेक्षा थोडी जास्त जागा मोकळी ठेवा.

या सगळ्यात मूळ फायलींना हात लावू नका. त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर हव्यात आणि कॉपी चेकसम (प्रत हुबेहूब आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवणाऱ्या प्रोग्रामने केलेली हवी. कार्ड त्यानंतरच फॉरमॅट करा.

मीडियाइन्फोच्या त्या पाच ओळी, तुमचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती इथे लिहिलीत, तर तुमच्या फायलींसाठी नेमकी सेटिंग्ज सांगता येतील.