ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पात पहिल्यांदा काम करताना कसं वागावं? (मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे)

कोड लिहिण्याआधी प्रकल्पाची रीडमी (ओळख करून देणारी फाइल) आणि कॉन्ट्रिब्युटिंग फाइल (हातभार लावण्याचे नियम) नीट वाच. मग जुने इश्यू, म्हणजे आधी नोंदवलेल्या अडचणी आणि सूचना, चाळ. तुझा प्रश्न बऱ्याचदा आधीच कुणीतरी विचारलेला असतो.

बग (सॉफ्टवेअरमधली चूक) कळवताना 'चालत नाहीये, प्लीज हेल्प' एवढंच लिहू नकोस. समज, पवईच्या आयआयटीतल्या फॉसी या ओपन सोर्स उपक्रमाचं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरतोयस. तर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, आवृत्ती कुठली, कशावर क्लिक केल्यावर काय झालं आणि एररचा पूर्ण मजकूर दे. स्क्रीनशॉटपेक्षा मजकूर बरा, तो शोधता येतो.

पुल रिक्वेस्ट (तुझा बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) छोटी ठेव, एका वेळी एकच दुरुस्ती. बदल मोठा असेल तर आधी विचारून घे. टी-शर्ट किंवा सर्टिफिकेटसाठी रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडे करून पाठवणं मला अजिबात पटत नाही, कारण ते तपासण्यात कुणाचा तरी वेळ जातो.

उत्तर आलं नाही तर आठवडा-दोन आठवडे थांब, मग एकदा नम्रपणे आठवण कर. बहुतेक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) नोकरी सांभाळून, फुकट हे काम करतात. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या थकलेल्या मेंटेनरवर २०२२ मध्ये काही ऑनलाइन खात्यांनी 'काम फार संथ चाललंय' म्हणत दबाव आणला. पुढे ज्याच्या हाती अधिकार गेले, त्याने घुसवलेला बॅकडोअर (आत शिरायची छुपी वाट) मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. म्हणून घाई करणाऱ्यांत तू सामील होऊ नकोस.

आणि दुसऱ्याचा कोड उचललास तर लायसन्स (तो वापरण्याच्या अटी) बघ, मूळ लेखकाचं नाव पुसू नकोस.