चिनी बैल आणि आपलं गाढव

प्रश्न असा आला आहे: चिनी भाषेत ‘बैलापुढे वीणा वाजवणे’ असा वाक्प्रचार आहे म्हणतात, तो म्हणजे आपलं ‘गाढवापुढे वाचली गीता’च का?

रोजच्या वापरापुरतं, हो. मूळ प्रयोग चार अक्षरी आहे: ‘त्वेइ न्यू थान छिन’. त्वेइ म्हणजे समोर, थान म्हणजे तार छेडणे. न्यू म्हणजे गाय किंवा बैल, काहीही. एवढ्या शब्दावरून नर की मादी ते कळत नाही. छिन हे आडवं ठेवून वाजवायचं सात तारांचं वाद्य. वीणा म्हणायला हरकत नाही, पण त्याला वीणेसारखे पडदे नसतात आणि आवाजही अगदी हळुवार.

गोष्ट मात्र पुढे आहे. मोउझ नावाच्या जुन्या बौद्ध ग्रंथात गोंगमिंग यी हा वादक बैलासमोर एक उच्च दर्जाची धून वाजवतो. बैल मान खाली घालून चरतच राहतो. ग्रंथकार म्हणतो, त्याला ऐकू आलं नाही असं नव्हे, ते त्याच्या कानाला रुचलं नाही. मग वादक तारांवर डास-गोमाश्यांची गुणगुण आणि एकट्या पडलेल्या वासराचं हंबरणं काढतो. लगेच बैल शेपटी हलवतो, कान टवकारतो आणि इकडेतिकडे पावलं टाकत ऐकू लागतो!

हे सांगायचं कारण? ‘बुद्धाचा धर्म समजावताना कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांचे दाखले का देतोस?’ या आक्षेपाला ते उत्तर आहे. समोरच्याला जे ठाऊक आहे, त्यातूनच बोलायचं. म्हणजे मुळात बैलाची टिंगल नव्हतीच. पुढे गोष्टीचा उत्तरार्ध गळला आणि बैल मठ्ठ ठरला. तरी श्रोते न बघता बोलत सुटणाऱ्यालाही चिनी माणूस हाच वाक्प्रचार ऐकवतो.

आपल्या म्हणीचंही असंच झालंय असं मला वाटतं. पहिला अर्धा भाग सगळे म्हणतात, दुसरा खाऊन टाकतात: ‘कालचा गोंधळ बरा होता’. हा गोंधळ म्हणजे नुसता गलका घ्या नाहीतर संबळ-तुणतुण्यावरचा देवीचा गोंधळ घ्या (मला दुसराच आवडतो). गीता वाचणाऱ्याला गाढवाने चक्क आपली पसंती कळवली आहे.