पुढचे स्ट्रट घरी बदलायचे, तर हत्यारे कोणती?

प्रश्न : माझ्याकडे भाजीपाला आणि पोती वाहण्यासाठी एक लहान पिकअप असून सेलूच्या मोंढ्यापर्यंत तिची रोजची खेप असते. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल पाझरत आहे आणि चाक खड्ड्यात गेले की ठक्क असा आवाज येतो. ट्रॅक्टरचा पान्यांचा संच, बॉटल जॅक, टॉमी आणि घण घरी आहेत. तेवढ्यावर पुढचे स्ट्रट बदलता येतील का? (एक शेतकरी वाचक, जि. परभणी)

उत्तर : हत्यारांकडे वळण्यापूर्वी स्टिअरिंग पूर्ण फिरवून चाकामागे एकदा डोकावून पाहावे, कारण आपल्याकडे शॉकअप हा एकच शब्द दोन वेगळ्या रचनांसाठी वापरला जातो. टाटा एससारख्या गाडीला पुढेही कमानपाटे असतात आणि शॉकअप स्वतंत्र बसवलेला असतो; तिथे वरचा व खालचा जोड सोडवला की तो हातात येतो. मारुती सुपर कॅरीसारख्या गाडीत मात्र मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपभोवतीच जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, त्याच्या खालच्या टोकाला बोल्टने जोडलेला असतो. आपण स्ट्रट असा शब्द वापरला आहे, म्हणून पुढील मजकूर या दुसऱ्या रचनेविषयी आहे.

आपल्या संचातील टॉमी उपयोगी पडेल, घणाऐवजी लहान हातोडा पुरेल, पण उघड्या तोंडाचे फिक्स पाने या कामापुरते बाजूला ठेवावेत. नकलचे बोल्ट चिखलाने आणि गंजाने असे धरलेले असतात, की फिक्स पान्यावर जोर दिला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग गॅस कटरवाल्याला बोलावण्याखेरीज इलाज उरत नाही. त्यामुळे अर्धा इंची चौकाची लांब दांडी, 12 ते 22 मिलिमीटरच्या सहाकोनी गोट्या (सॉकेट) आणि त्याच मापांचे रिंग पाने जवळ असावेत. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सोडवताना बोल्ट रिंग पान्याने धरून ठेवावा व नट फिरवावा. अनेक गाड्यांत या बोल्टच्या मानेवर बारीक दाते असतात आणि बोल्टच फिरवला तर ते भोक खरवडून काढतात.

बॉटल जॅक चालेल, मात्र केवळ त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. स्टँडची जोडी आणि मागच्या चाकांना लावायचे गुटके हवेतच. पावसानंतर आपल्या काळ्या जमिनीत स्टँडचे पाय हळूहळू आणि बहुधा एकाच बाजूने रुततात, म्हणून काम कोब्यावर करावे किंवा स्टँडखाली जाड, रुंद फळी घालावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. स्ट्रट सुटल्यावर नकल बाहेर कलंडून ब्रेकच्या नळीला ताण बसतो, त्यासाठी हातभर बांधायची तार लागते. नकलच्या जोडावर जुन्या बोल्टच्या जागेची रंगाने खूण करून ठेवावी. स्ट्रट गाडीच्या बॉडीला धरणारे वरचे नट (मधला मोठा नट सोडून) सर्वांत शेवटी काढावेत आणि त्या वेळी खाली स्ट्रट धरायला दुसरा माणूस असावा.

येथवरचे काम ट्रॅक्टर उघडणाऱ्या माणसाला अवघड नाही. खरा प्रश्न स्प्रिंगचा आहे. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग हत्याराने आवळून धरलेली नसताना सोडला, तर वरची टोपी आणि नट बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. एका गॅरेजमध्ये स्प्रिंग तारेने बांधून नट काढताना झालेला प्रकार मी पाहिला आहे. मिस्त्री सुदैवाने बाजूला उभा होता, पण छताच्या पत्र्याला बाहेरच्या अंगाने आलेला वाटीएवढा फुगवटा पुढे कित्येक वर्षे तसाच होता. यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसरची जोडी लागते. तिचे आकडे समोरासमोर आणि शक्य तितकी जास्त वेटोळी पकडतील असे लावावेत, आट्यांना ग्रीस द्यावे व दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या आवळाव्यात. नट फिरवणारी हवेची बंदूक येथे वापरू नये. स्प्रिंग आपल्या जागेत सैल हलू लागली, की मगच मधल्या नटाला हात लावावा. तो काढताना शॉकअपचा दांडा फिरतो, त्याला ॲलन कीने धरावे. पक्कडीने धरल्यास चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि ते तेल अडवणारे सील कापतात.

दोन स्ट्रटसाठी कॉम्प्रेसर विकत घेणे मला पटत नाही. स्ट्रट स्वतः उतरवून, नव्यासह परभणीला न्यावेत व जुन्यावरची स्प्रिंग नव्यावर चढवण्याचे काम तेवढे गॅरेजमध्ये करून आणावे. वरचे रबर आणि बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्यावे.

प्रश्न : एकाच बाजूचा स्ट्रट गळत असेल तर तेवढाच बदलावा का, आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावीच लागते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : दोन्ही एकदमच बदलावेत, एक नवा आणि एक थकलेला असला, तर ब्रेक दाबताना व वळणावर गाडीच्या दोन बाजू सारख्या वागत नाहीत. केलेल्या खुणेवर बोल्ट बसवले तरी अलाइनमेंट करून घ्यावी, अन्यथा टायरची एक कड लवकर झिजते. नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळावेत आणि दोन-चार खेपांनंतर पुन्हा एकदा तपासावेत.