मिलानची २,२०० युरोची बॅग ईएमआयवर घेऊ का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरात दोघं इटलीला चाललेत. मिलानमधून मोठ्या ब्रँडची २,२०० युरोची बॅग, फ्लोरेन्सहून हाताने शिवलेली लेदर बॅग आणि बेल्ट मिळून ३५० युरो, आणि व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचेचे ग्लास २५० युरो, अशी यादी आहे. जमवलेत १ लाख ३० हजार, उरलेले दीड लाख कार्डवर ईएमआयने. त्या म्हणतात, तिकडे २२ टक्के टॅक्स परत मिळतो आणि इथे तीच बॅग महाग आहे, मग पैसे वाचतातच ना?

ताई, नाही वाचत. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरो १०० रुपये धरू.

आधी तो २२ टक्क्यांचा विषय. टॅक्स किमतीच्या आतच असतो, म्हणजे १२२ मधले २२, ते झाले १८ टक्के, आणि त्यातून रिफंड करणारी कंपनी स्वतःचा कट घेते, त्यामुळे हातात साधारण ११ ते १५ टक्केच येतात. १३ धरले तर २ लाख २० हजारांवर २८,६०० परत. बरं, तेही बॅग न वापरता आणि युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना शेवटच्या एअरपोर्टवर कस्टम्सकडून फॉर्म पक्का करून घेतला तरच, म्हणजे परतीचं विमान फ्रँकफर्टवरून असेल आणि बॅग हातात असेल तर ते काम फ्रँकफर्टला. मग कार्डचा फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवर बँक लावते ते जादा शुल्क, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, ९ हजार गेले.

आणि खरा फटका मुंबईत उतरल्यावर. फेब्रुवारी २०२६ पासून ड्युटी-फ्री मर्यादा माणशी ७५ हजार आहे, पण नवऱ्याची आणि तुमची मर्यादा एकत्र करून एका बॅगेला लावता येत नाही. वरच्या १ लाख ४५ हजारांवर ३८.५ टक्क्यांनी जवळपास ५६ हजार ड्युटी. सगळं धरून बॅग पडली २ लाख ५६ हजारांना, मिलानच्या दुकानातल्या किमतीपेक्षाही जास्त! ग्रीन चॅनलमधून, म्हणजे ड्युटी भरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने, गुपचूप निघू असा विचार कृपा करून करू नका, पकडलं तर दंड वेगळा आणि लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या ट्रिपचा शेवट एअरपोर्टच्या काउंटरवर होईल.

दीड लाखाचं ईएमआय १५ टक्क्यांनी वर्षभर फेडलं तर साडेबारा हजार व्याज, त्यावर परत जीएसटी. महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर जातील, पुढची दिवाळी येईपर्यंत. म्हणून माझं स्पष्ट मत, ब्रँडची बॅग सोडा.

फ्लोरेन्सची मात्र नक्की घ्या. मी तिथे आर्नो नदीपलीकडच्या एका छोट्या वर्कशॉपात तासभर बसलो होतो. म्हातारे कारागीर लाकडी चिमट्यात लेदर धरून एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया लावून दोन्ही बाजूंनी टाके घालत होते, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. कडा घासून घासून इतकी गुळगुळीत केली होती की बोट फिरवलं तर जोड कळत नव्हता. तिथला बेल्ट मी आजही वापरतोय, रंग गडद झालाय, बाकी काही झालं नाही. बाजारातल्या स्टॉलवर मात्र सगळंच तिथे शिवलेलं नसतं, म्हणून कडा बघा, मागची शिवण बघा, वनस्पतींनी कमावलेलं लेदर आहे का ते विचारा. रस्त्यावरच्या नकली ब्रँडच्या बॅगेला तर हातही लावू नका, घेणाऱ्याला तिकडे ७ हजार युरोपर्यंत दंड आहे.

मुरानोला 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' असं चिन्ह असेल तर बेटावरच बनलंय म्हणून समजा. ग्लास हँडबॅगेत आणा.

हे सगळं ६०० युरो, म्हणजे ६० हजार, तुमच्या एकटीच्या मर्यादेत बसतं, आणि एका दुकानात ७० युरोच्या वर बिल झालं की रिफंडही मिळतो, फक्त पासपोर्ट दाखवून फॉर्म मागून घ्या. कार्डच्या मशीनवर रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपये दाबले की रेट त्यांच्या मनाचा लागतो. उरतात ७० हजार. त्यातले वीसेक हजार फिरायला आणि खायला जादा ठेवा, बाकीचे एफडीत टाका, आणि बॅगेची हौस तरीही राहिलीच तर पुढच्या दीड-दोन वर्षांत महिन्याला दहा हजार बाजूला टाकून रोखीने घ्या, मी आडवा येणार नाही.