एक कड फाटली म्हणून पाचही सीट कशाला बदलायच्या

अमळनेरच्या भाऊंनी विचारलंय की ७ वर्षं जुनी सेकंडहँड गाडी घेतली, ड्रायव्हर सीटची उजवी कड तडकलीय, शिलाई चार बोटं उसवलीय आणि दुकानदार म्हणतो पाचही सीट नव्याने मढवा. भो, इतक्यात पैसे देऊ नका. आधी ते खरं चामडं आहे का ते बघा, कारण बऱ्याच गाड्यांत बसायचा नि टेकायचा भागच चामड्याचा असतो, कडा आणि मागची बाजू रेग्झीनची. उसवलंय तिथेच आत डोकवा, कड आतून मऊ, केसाळ दिसली तर चामडं, विणलेलं कापड चिकटवलेलं दिसलं तर रेग्झीन.

रेग्झीनचे पापुद्रे निघत असतील तर रंग मारून टिकत नाही, तेवढा तुकडा बदलायचा, बस. जुना तुकडा उसवून त्याचाच फर्मा करून नवीन कापायला सांगा, आणि रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न जुळवता बाहेर उन्हात जुळवा.

चामडं असेल तर तडे बहुतेक वरच्या रंगाच्या थरालाच असतात. सौम्य साबणाच्या फेसाने साफ करून पूर्ण वाळवायचं, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, मग लेदर फिलर (तडे भरायची लवचिक पेस्ट) पातळ पातळ थरांत, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, नंतर स्पंजने रंग आणि शेवटी वरचं कोटिंग. खोबरेल तेल चोळू नका, ते कोटिंगमधून आत जात नाही, वर धूळ धरतं आणि नंतर रंगही पकडत नाही. फाटलेल्या जागी झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात नको, मी एकदा लावला होता, तो दगडासारखा कडक झाला आणि त्याच्याच शेजारून नवा तडा गेला. आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक गोंदाने बसवा.

आता मुख्य गोष्ट, जी लोकं विसरतातच. उजवीच कड का जाते? आपण रोज तिच्यावरून घासत आत बसतो, त्याने आतला फोम दबतो, वरचं चामडं सैल पडून सुरकुततं आणि सुरकुतीवरच तडकतं. फोम भरला नाही तर नवीन तुकडासुद्धा तसाच जाणार, म्हणून कारागिराला आधी फोम दाबून बघायला लावा. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, सुती दोरा उन्हाने कुजतो.

आणि सीटच्या बाजूला ‘AIRBAG’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असेल, म्हणजे आत एअरबॅग असेल, तर ती कड साध्या कारागिराकडे देऊच नका. तिथली शिलाई एअरबॅग उघडताना फाटावी अशीच केलेली असते, मजबूत दोऱ्याने शिवली तर ऐनवेळी बॅग अडकेल. ते काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करा, तिथे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आपल्याकडे मे हीटमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पुढच्या काचेला सनशेड लावाच. रावेरला मेव्हण्यांच्या गाडीत केळीचा चीक सीटवर वाळला तो आजही काळा डाग आहे, म्हणून वावरातून आलात तर ओल्या फडक्याने लगेच पुसा.

उसवलेल्या जागेतली आतली कड दिसेल असा एक फोटो उजेडात काढून टाका, चामडं की रेग्झीन ते सांगतो.