आजोबांच्या बीएसए एम२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचे इंजिन आणि चासी नंबर वेगवेगळे आहेत. अशा गाडीला किंमत येते का?

येते. नंबर वेगळे म्हणून गाडी भंगारात गेली असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला बीएसए कळत नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्या काळी दोन्ही नंबर एकच ठेवायची पद्धत नव्हती. त्यात एम२० ही युद्धातली गाडी, सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. लष्कराच्या वर्कशॉपात एकीचं इंजिन सर्रास दुसरीला चढायचं.

हे तावातावाने लिहितोय, कारण आमच्या घरात यावरूनच फाटलं. वडिलांची एम२० डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने विकायला काढलेली. लिलावात एका ठेकेदाराने घेतली, त्याच्याकडून साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी, त्यांच्याकडून वडिलांनी. आरसी बुकात तिन्ही नावं आहेत. ठेकेदाराच्या नावावर लाल शाईची रेघ, सुभेदारांच्या नावावर तशीच रेघ, मग वडिलांचं नाव आणि शेजारी आरटीओचा जांभळा गोल शिक्का. वडील गेल्यावर चुलतभावाने गिऱ्हाईक आणलं. त्याला दोन्ही नंबर सारखे हवे होते. दादा म्हणाला, फ्रेमवरचा, म्हणजे चासीचा, नंबर घासून नवा ठोकून घेऊ, तासाभराचं काम आहे. मी शेडला कुलूप घातलं. तेव्हापासून दादा दिवाळीला येत नाही आणि गावभर सांगतो की मी भावनेपायी आलेला पैसा घालवला.

भावनेचा संबंधच नाही. आमच्या फ्रेमवर हँडलखाली ‘डब्ल्यूएम२०’ हा कारखान्याचा मूळ छाप ठोकलाय, त्यातला एम किंचित तिरका बसलाय. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच बघतं. घासलेली जागा त्याला बोट फिरवून कळते, आणि मग ते टाकीकडे बघतही नाही. शिवाय नंबर खोडणं हा गुन्हा आहे, तो पुढच्या मालकाच्याही गळ्यात पडतो.

तुम्ही आधी आरसी वारसाच्या नावावर करा, फॉर्म ३१ भरून. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडीला आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो, पण व्हिंटेज नोंदणीची कुठलीच गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसएच्या कारखान्याच्या वह्या आहेत. फी भरली की तुमची गाडी कधीची याचं पत्र मिळतं. ते जरूर मागवा.

आकडा मी सांगणार नाही. गिर्डर फोर्क (पुढच्या चाकाचा जुन्या धर्तीचा फोर्क), मॅग्डायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र), कार्बोरेटर मूळचे आहेत का, यावर तो फार हलतो. आणि एक राहिलं. इंजिन आणि चासी नंबर एकमेकांशी जुळले नाहीत तरी चालतं, पण दोन्ही आरसीतल्या नंबरांशी जुळलेच पाहिजेत. मधे कधी इंजिन बदललं असेल तर बदल आरटीओत रीतसर नोंदवून घ्या. नंबर ठोकायचा पंच हातात घेणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका, मग तो घरचा का असेना.