इंग्लंडला निघालेल्या ताईंस: घरातला नाताळ कसा सांभाळावा

आदरणीय ताई,

येत्या ऑक्टोबरात आपण यजमान आणि दोन मुलांसह म्हापशाहून स्विंडनला राहायला येत आहात, आणि तिथे गेल्यावर नाताळ म्हणजे फक्त सांताक्लॉज, झाड आणि भेटवस्तू असे मुलांच्या मनात बसू नये यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. मीही म्हापशाच्या बार्देश तालुक्यातलाच. आमचे घराणे मूळचे सावंतवाडीकडचे, घरात मराठी बोलणारे. गेली अकरा वर्षे आम्ही स्विंडनमध्ये आहोत. येथे गोंयकारांची वस्ती मोठी असल्यामुळे दोदोल आणि नेवऱ्या हे नाताळचे गोडधोड आपल्याला सहज मिळतील. आपण ज्याची काळजी करीत आहात ते मात्र विकत मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यात आपण काही ठरवले नाही तरी गाव आपल्याला चर्चच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे चर्चचा सण, ८ तारखेला पणजीचे, १६ पासून नाताळची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, वाड्यावाड्यांवर येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे आणि दारोदारी कागदी नक्षत्रे, असे करत करत आपण २४ च्या रात्री मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन उभे राहतो. इंग्लंडात असे नेणारे कोणी नाही. दुकानांतला नाताळ नोव्हेंबरातच सुरू होतो आणि २५ तारखेच्या दुपारच्या जेवणाबरोबर जवळजवळ आटोपतो. चर्चचे पंचांग नेमके याच्या उलट चालते: २५ पर्यंत वाट पाहायची आणि त्या दिवसापासून सण सुरू करायचा. माझ्या अनुभवाने सांगतो, मुलांना ही वाट पाहणे शिकवता आले तर बाकीचे पुष्कळसे आपोआप जमते.

आम्हाला हे पहिल्या वर्षी कळले नव्हते. त्या २४ तारखेला मला गोदामात रात्रपाळी लागली, पत्नी नवख्या गावात दोन मुलांना घेऊन रात्री एकटी बाहेर पडायला धजावली नाही, आणि २५ ला मी झोपून उठेपर्यंत मुलांनी भेटवस्तू उघडून टीव्ही लावला होता. संध्याकाळी मुलीने विचारले, “पप्पा, झाला का नाताळ?” घरात गोठा नव्हता, मिस्सा झाली नव्हती, साधी प्रार्थनाही झाली नव्हती. तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही, आणि तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढच्या वर्षापासून आम्ही आगमनकाळापासूनच, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या चार रविवारांच्या काळापासूनच, सुरुवात केली. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती लावतो. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. येथे डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळी दिवा बंद करून एकच मेणबत्ती पेटवली की मुले आपोआप शांत होतात. “अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे”, हे यशयाचे वचन मी म्हापशात कितीतरी वेळा ऐकले होते; ते मला खरे उमगले ते या काळोखात. रोज दहा मिनिटे पुरतात, फक्त चुकवू नयेत. वाचन मराठीतच ठेवावे, कारण शाळेत मुले येशूजन्माचे नाटक इंग्रजीत करतील, पण घरची प्रार्थना ज्या भाषेत होते ती भाषा आणि ती श्रद्धा एकत्रच टिकतात. १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ओव्यांत आहे; ख्रिस्तजन्माच्या भागातल्या चार ओव्या मोठ्या मुलाकडून चालीवर म्हणवून घेतल्या, तर चारशे वर्षांपूर्वी आपल्याच प्रदेशात ही कथा आपल्याच भाषेत सांगितली गेली, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

गोठ्यासाठी आपण नाचणी पेरतो, ती येथेही पेरावी. पहिल्या खेपेस मी ताटलीत ओला कापूस पसरून दाणे टाकले आणि ताटली खिडकीत ठेवली. थंडीने एकही कोंब आला नाही. मग ताटली रेडिएटरजवळच्या फळीवर हलवली, मुले सकाळसंध्याकाळ पाणी शिंपडू लागली, आणि बाराव्या दिवशी बोटभर हिरवळ उभी राहिली. गव्हाणी मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. आमच्याकडे बाळ येशूची मूर्ती आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात असते. मिस्सेहून परतल्यावर धाकट्याने ती गव्हाणीत ठेवायची, लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायचा, मग जेवण आणि मग भेटवस्तू. हा क्रम आम्ही कधीही मोडत नाही.

मिस्सेविषयी थोडे व्यवहाराचे. येथे “मध्यरात्रीची” मिस्सा पुष्कळ ठिकाणी रात्री नऊ-दहालाच असते आणि लहान मुलांसाठी २४ च्या संध्याकाळी वेगळी असते, म्हणून वेळ आधीच विचारून ठेवावी. २५ ला रेल्वे बंद असते आणि बसही बहुतेक नसतात, तेव्हा चालत जाता येईल असे घर पाहावे किंवा कोणाच्या गाडीत जागा ठरवून ठेवावी. कामावर २४ च्या रात्रीची सुटी सप्टेंबर-ऑक्टोबरातच लेखी मागावी; बदल्यात १ जानेवारीची पाळी घेतो म्हटले की सहसा मिळते. मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले बरोबर आणावेत, कॅथलिक शाळेत प्रवेश मागताना ते लागतात.

सांताक्लॉजशी भांडू नये. मुलांना ६ डिसेंबरला मायराचे बिशप संत निकोलस यांची गोष्ट सांगावी आणि त्या दिवशी प्रत्येकाने आपले एक चांगले खेळणे दुसऱ्याला द्यावे. आमच्याकडे यावरून एकदा रडारड झाली, तरीही आम्ही ते सोडले नाही. कोंसुआद, म्हणजे नाताळच्या फराळाचे ताट, शेजारी नक्की पाठवावा. त्यात काजू, नारळ, अंडी काय आहे ते चिठ्ठीवर लिहावे, कारण येथे बऱ्याच मुलांना ॲलर्जी असते. आमच्या शेजारच्या वृद्ध बाई २५ ला एकट्याच असतात हे ताट द्यायला गेल्यावर कळले. तेव्हापासून त्या दुपारी आमच्याकडे जेवतात आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला आमच्याबरोबर उभ्या राहतात.

आणि २६ तारखेला गोठा काढू नका, भोवती सगळ्यांची झाडे उतरू लागली तरीही. तीन राजे आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो आणि मुले रोज त्यांना थोडे थोडे पुढे सरकवतात. ६ जानेवारीला, जेव्हा गोव्यात रेइश मागुश गावी मुले राजांच्या वेषात घोड्यावरून निघतात, तेव्हा आमचे राजे गव्हाणीपाशी पोहोचतात आणि आम्ही गुडघे टेकून शेवटची प्रार्थना करतो. तोवर नाचणी पिवळी पडलेली असते.

राजांच्या मूर्ती येथेही मिळतील. बाळ येशूची आपल्या घरातलीच आणा, आणि ती मोठ्या बॅगेत न घालता हातातल्या पिशवीत ठेवा.